गरम झाल्यावर बंद पडणारी बुलेट: आधी मीटरची सुई बघा

तुमच्या १९७८च्या ३५० बुलेटचं दुखणं वाचलं. सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं छान पळते, मग सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, ओढ जाते आणि खंबाटकी घाट चढताना ती बंद पडते. अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. आत्तापर्यंत कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, प्लग नवा आला, आणि आता मिस्त्री कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी तारेची गुंडाळी, बदलायला सांगतोय.

कॉइल इतक्यात घेऊ नका. गॅरेजमध्ये नेता तेव्हा गाडी थंड असते, आणि थंड गाडीत दोष नाहीच, मग तो सापडणार कुठून? जिथे बंद पडते तिथेच, रस्त्याच्या कडेला, इंजिन चटका देत असतानाच तपासायचं. पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, चालू स्थितीतला जुना प्लग, एक कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबीसारखा भाग, त्याचं काम पुढे सांगतो) आणि दोन फूट वायर सोबत ठेवा.

बंद पडल्याबरोबर पहिल्यांदा पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. त्याच्या हवेच्या भोकात कचरा अडकला तरी गाडी हुबेहूब अशीच वागते. झाकण उघडून लगेच सुरू झाली तर विषय तिथेच मिटला. नाही झाली तर झाकण घट्ट लावा आणि करंटकडे वळा.

आता हेडलॅम्पवरचा अँपिअर मीटर बघा. किक मारण्याआधी सुई मध्यावर आणायची सवय आपल्या सगळ्यांना असते, पण ती सुई नेमकं काय सांगते याकडे फार थोडे लक्ष देतात. लाइट बंद ठेवून चावी चालू करा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक हाताने सावकाश खाली न्या. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, मिटलेले असताना सुई डावीकडे झुकते, कारण बॅटरीचा करंट कॉइलमधून पॉइंटवाटे बॉडीला जातो. पॉइंट उघडले की ती मध्यावर परत येते. असं डावी-मध्य, डावी-मध्य होत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता ठीक आहे. सुई मध्यावरून हललीच नाही तर रस्ता कुठेतरी तुटलाय: चावीचा स्विच, फ्यूज, काळे पडलेले पॉइंट, किंवा कॉइलची आतली तार. सुई डावीकडेच चिकटून राहिली तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय, किंवा पॉइंटच्या वायरखालचा फायबरचा वॉशर तुटून वायर बॉडीला लागलीय.

तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं सुई नीट हलेल. तसं झालं तर सिलिंडरमागची, उजव्या बाजूची पॉइंटची टोपी काढा. सोबतचा प्लग केबलला लावून हेडच्या उघड्या धातूवर टेकवा. कार्ब्युरेटर ओघळत नाही ना ते आधी बघा, सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडायची नाही. दुसऱ्याला किक मारायला लावा. प्लगवर जाड, निळी, कडकड वाजणारी ठिणगी हवी. ती बारीक पिवळी असेल आणि त्याच वेळी पॉइंटमध्ये मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेलाय. पॉइंट उघडताना जो करंट फटीतून उडी मारू पाहतो तो झेलायचं काम कंडेन्सरचं. त्याने झेललं तरच कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. इंजिन तापलं की आतला जोड सुटतो, निवलं की पुन्हा लागतो. तुमचा तो अर्धा तास म्हणजे हेच.

पॉइंट शांत असूनही प्लगला ठिणगी कमजोर असेल तर मात्र कॉइल किंवा प्लगची केबल. ओला रुमाल पिळून कॉइलवर पाच मिनिटं गुंडाळा, टर्मिनल कोरडे ठेवा. गाडी सुरू झाली तर मिस्त्रीचं बरोबर आहे, कॉइल घ्या.

माझी बुलेट मलकापूर सोडून आंबा घाटाकडे जाताना असंच करायची. नवा कंडेन्सर टाकला तरी फरक पडेना, म्हणून मीही कॉइल बदलून बसलो. शेवटी कळलं, नवा कंडेन्सरच सदोष होता. तेव्हापासून नवीन म्हणून कुठल्याही कंडेन्सरवर मी विश्वास ठेवत नाही, आणि एका वेळी एकच वस्तू बदलतो. आता माझा कंडेन्सर पॉइंटजवळ नाहीच. कॉइलवरून पॉइंटला वायर जाते त्या टर्मिनलला त्याची वायर जोडून त्याची बॉडी टाकीखाली फ्रेमला, रंग खरवडून, बोल्टने कसलीय. विजेच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, पण इंजिनच्या उष्णतेपासून तो लांब राहतो. जुना मात्र काढून टाकायचा.

टोपी उघडलीच आहे तर पॉइंटही करून घ्या. खड्डे पडले असतील तर बारीक कानसीने सपाट करा, एमरी पेपर नको, त्याचे कण रुतून बसतात. पूर्ण उघडलेल्या पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पत्र्याने मोजून. फट बदलली की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं, म्हणून फट आधी आणि टायमिंग नंतर: अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. तो क्षण पकडायला पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून हलकेच ओढत राहा, सुटली की उघडले. टायमिंग फार पुढे गेलं तर किक उलटी बसते आणि घोटा जायबंदी होतो, इथे अंदाज नको. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा एक कण लावा आणि पॉइंट नवे असतील तर ५०० किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजा, त्यांची फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते.

रविवारी घाट चढून या. बंद पडली तर सुई कुठे उभी राहिली आणि पॉइंटमध्ये ठिणगी कशी दिसली तेवढं सांगा, कॉइलचं तेव्हा ठरवू.