पश्चिमेच्या खिडक्या, डबल ग्लेझिंग आणि इमारतीचं रेटिंग

ठाण्यातल्या पुनर्विकासात पश्चिमेच्या खिडक्यांना डबल ग्लेझिंग (मधे हवेचा थर असलेली दुहेरी काच) मागितलं तर इमारतीचं ऊर्जा रेटिंग वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. वाढेल, पण थोडंच. त्याच पैशात बरंच जास्त साधता येईल.

घरांसाठी आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ आहे; इथले आकडे तिच्या २०१८च्या आवृत्तीतले. भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता, म्हणजे आरईटीव्ही, दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी, असं ती सांगते. उष्ण-दमट हवामानाच्या सूत्रात काचेच्या यू-व्हॅल्यूला, म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते त्या आकड्याला, १.३१ने गुणतात. एसएचजीसीला, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा जो हिस्सा काचेतून आत येतो त्याला, गुणतात ६५.२१ने! सगळी मेख इथे आहे.

साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू साधारण ५.८ आणि एसएचजीसी ०.८२ धरा. साधी डबल काच लावली की यू-व्हॅल्यू २.८ होते, म्हणजे सूत्रात जेमतेम ४ची घट. ऊनही जरा कमी होतं, ते धरून १०च्या आसपास. पण काच एकेरीच ठेवून ०.४० एसएचजीसीची घेतली, तर घट २७ची. भिंतीसकट सरासरी काढल्यावर हे आकडे लहान होतात, प्रमाण मात्र तेच राहतं. लंडनला राहणारे नातेवाईक डबल ग्लेझिंगचं कौतुक करतात ते तिथे रास्तच आहे, तिथे घरातली ऊब राखायची असते. आपल्याला ऊन बाहेर थोपवायचंय.

म्हणून आधी सावली मागा. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, नुसत्या छज्ज्यानं अडत नाही. खिडकीच्या बाजूला भिंतीतून बाहेर काढलेले उभे फिन किंवा बाहेरून सरकते लूव्हर, म्हणजे पट्ट्यांच्या झडपा, हवेत. आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, तोवर उष्णता घरात आलेली असते.

काळी फिल्म मात्र नको. खिडक्यांचं क्षेत्र भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के उजेड यायलाच हवा, असा त्याच संहितेचा नियम आहे. शिवाय उष्ण-दमट भागात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के लागतं, आणि दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. पल्ले बाहेर उघडणाऱ्या खिडक्या मागा.

रस्त्याच्या आवाजाचा त्रास असेल तर डबल काच जरूर घ्या, पण रेटिंगसाठी नको. आर्किटेक्टकडून आरईटीव्हीचा तक्ता दोन प्रकारे मागवा: एक डबल काचेचा, एक सावली आणि कमी एसएचजीसीच्या काचेचा. दोन्ही पुढच्या सभेत सभासदांसमोर ठेवा.