सलूनमध्ये दहा-अकरा तास काम करणाऱ्या हेअरस्टायलिस्टनं स्मार्टवॉच घ्यावं का? कोणतं, आणि कसं वापरावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीत सलूनमध्ये काम करता, सकाळी दहापासून रात्री आठ-नऊपर्यंत उभ्याच असता, कलर आणि स्मूदनिंगची गिऱ्हाइकं जास्त, फोन अँड्रॉइड, बजेट पाच हजारांच्या आत. घड्याळ पाण्यात टिकेल का, आणि मैत्रीण म्हणते तसं बीपी-शुगर दाखवणारं घ्यावं का, हेही विचारलंय. मी बेळगावात शहापूर भागात पार्लर चालवते. माझ्या हातावर घड्याळ असतं आणि माझ्याकडच्या मुलीही वापरतात, म्हणून सविस्तर लिहिते.

घ्या. पण बीपी-शुगरसाठी घेऊ नका. आपल्या कामात त्याचे खरे उपयोग दोन: कलरची वेळ सांभाळणं, आणि हात भरलेले असताना फोन न उचलता कोणाचा फोन किंवा मेसेज आला ते कळणं. दुकानदार स्क्रीन किती मोठी, स्पोर्ट्स मोड किती हे सांगत बसेल. तुम्ही कंपन किती जोरात आहे, बाजूला बटण आहे का आणि पट्टा कसला आहे, एवढं आधी बघा.

आधी कलरचं सांगते, कारण पैसे त्यातच वसूल होतात. लग्नसराईत एका खुर्चीवर रूट टचअप, दुसरीवर फॉइल, बेसिनवर तिसरी बाई, असं चालतंच. भिंतीवरच्या घड्याळात बघून ‘हिचं सव्वाबाराला धुवायचं’ असं डोक्यात ठेवलं की मध्येच कोणीतरी हाक मारते आणि विसरायला होतं. फोनचा अलार्म ड्रायरच्या आवाजात ऐकू येत नाही आणि बंद करायला ग्लोव्ह काढावा लागतो. मनगटावरचं कंपन मात्र कळतं. परमनंट कलर साधारण ३० ते ४५ मिनिटं ठेवतात, पण पाकिटावर जी वेळ छापलीय तीच धरायची. बहुतेक कंपन्या कलर लावून संपल्यावर वेळ मोजायला सांगतात, तेव्हा टायमर शेवटची सेक्शन झाल्यावर सुरू करा. ब्लीचला एकच मोठा टायमर लावू नका. पाच-दहा मिनिटांचा छोटा लावा आणि तो वाजेल तेव्हा फॉइल उघडून केस बघा. ब्लीच किती चढलं ते डोळ्यांनीच ठरवायचं असतं. घड्याळ फक्त बघायची आठवण करून देतं.

इथे एक अडचण येते. स्वस्त घड्याळांत बहुधा एका वेळी एकच टायमर चालतो आणि आपल्याला दोन-तीन लागतात. त्यावर उपाय अलार्मचा. एकाहून जास्त अलार्म बहुतेक घड्याळांत लावता येतात. साडेबाराला खिडकीजवळची, पावणेएकला आरशाजवळची, असे दोन अलार्म लावले की काम भागतं. घेण्याआधी दुकानात हे लावून बघा. आणखी एक सवय लावून घ्या: कलरच्या पाकिटावर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत टेस्ट करायला सांगितलेलं असतं. नवीन गिऱ्हाइकाची टेस्ट केली की लगेच दोन दिवसांनंतरचं रिमाइंडर लावायचं, ‘अमुक ताईंना खाज आली का, विचारणे’. गर्दीच्या दिवसांत ही विचारपूस सगळ्यात आधी राहून जाते, आणि राहायला नको तीच आहे.

कंपन दुकानात कसं तपासायचं? घड्याळ बांधा, एक मिनिटाचा टायमर लावा आणि हात ड्रायर धरल्यासारखा वर उचलून मनगट फिरवत राहा. तरीही चटकन जाणवलं तर चालेल. ड्रायर ज्या हातात धरता त्या हातावर बांधू नका. ड्रायरच्या थरथरीत घड्याळाचं कंपन हरवतं. उजव्या हातानं काम करत असाल तर डाव्या हातावर, पण मनगटाच्या अगदी सांध्यावर नाही, हाडापासून दोन बोटं वर कोपराकडे. केसांची बट दोन बोटांत धरून डावं मनगट मागे वाकवलं की सांध्यावरचं घड्याळ हाताच्या पाठीवर रुततं आणि बटण आपोआप दाबलं जातं. दोन बोटं वर बांधलं की तेही टळतं आणि ग्लोव्हची कडा घड्याळाच्या खाली राहते. जड, जाड डायलचं घेऊ नका. दिवसभर हात खांद्याच्या वर असतात आपले. संध्याकाळी तेवढंही वजन जाणवतं. हात बारीक असेल तर अरुंद फिटनेस बँडसुद्धा पुरेल.

बटणाचं महत्त्व असं की ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही आणि जाड ग्लोव्ह घालून तर मुळीच नाही. टायमर थांबवायला, कॉल कापायला बाजूचं बटण चाललं पाहिजे. सेटिंगमध्ये दोन गोष्टी बदला. हात उचलला की स्क्रीन पेटते ती सोय बंद करा; आपला हात दिवसभर वर-खालीच होत असतो आणि बॅटरी उगाच जाते. आणि नोटिफिकेशन फक्त कॉल, व्हॉट्सॲप आणि पैसे जमा झाल्याच्या मेसेजपुरतं ठेवा. व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करा, नाहीतर दर मिनिटाला थरथरतं आणि मग खरं कंपन आलं तरी आपण दुर्लक्ष करतो. घड्याळाच्या स्पीकरवर गिऱ्हाइकाशी बोलू नका. खुर्चीतल्या बाईला दुसरीच्या घरचं सगळं ऐकू जातं.

आता पाणी. खोक्यावर आयपी ६८ किंवा ५ एटीएम लिहिलेलं असतं. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल स्थिर पाण्याइतका दाब सोसेल अशी चाचणी. आयपी ६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि कंपनी सांगेल तेवढ्या खोलीपर्यंत, तेवढा वेळ पाण्यात टिकतं. पण या चाचण्या साध्या, स्वच्छ पाण्यात होतात. आपल्या बेसिनमध्ये गरम पाणी, शॅम्पू, कंडिशनर असतं आणि वर हेअर स्पाची वाफ. साबण आणि वाफ आतल्या रबरी सीलला हळूहळू कमकुवत करतात, म्हणून पाण्यापासूनचं संरक्षण कायमचं नसतं असं कंपन्या स्वतःच लिहितात. पाणी शिरलं तर वॉरंटीत बहुधा धरतही नाहीत. केस धुताना काढून ठेवणं उत्तम. घाईत ते होणार नसेल तर वॉटर लॉक (ओल्या स्क्रीनचा टच बंद ठेवणारी सोय) लावा, आणि काम झालं की साध्या गार पाण्यानं धुऊन कोरडं पुसा. स्टीमर लावताना, नेलपॉलिश रिमूव्हर वापरताना आणि डोक्याला मालिश करताना मात्र काढायचंच. रिमूव्हरमधल्या ॲसिटोननं प्लास्टिक आणि स्क्रीनवरचा लेप खराब होतो. मालिशमध्ये बक्कल केसांत अडकते आणि गिऱ्हाइकाला लागतं.

पट्टा साधा सिलिकॉनचा, काळा किंवा गडद, बक्कलवाला घ्या. फिकट रंगाच्या पट्ट्यावर कलरचा डाग बसला की जात नाही. कापडी पट्टा पाणी धरून ठेवतो आणि कापलेले बारीक केस त्यात घुसून दिवसभर टोचत राहतात. जाळीचा लोहचुंबकाचा पट्टा लग्नाला छान दिसतो, पण सलूनमध्ये पिना त्याला चिकटतात आणि गिऱ्हाइकाचा लांब केस जाळीत ओढला जातो. चामड्याचा तर विचारच नको. पट्टा सहज बदलता येईल, साध्या मापाचा सुटा पट्टा बाजारात मिळेल, असं घड्याळ निवडा आणि दोन पट्टे ठेवा: एक वापरा, दुसरा धुऊन वाळत घाला.

त्वचेबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. आपल्या धंद्यात हातांना इसब होणं खूप आढळतं, कारण हात सतत ओले असतात आणि रसायनं लागत राहतात. बऱ्याच परमनंट डायमध्ये पीपीडी नावाचं द्रव्य असतं. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींतही ते असतं. ज्याला त्याची ॲलर्जी होते त्याला ती सहसा आयुष्यभर राहते. स्मूदनिंग आणि पर्मिंगच्या क्रीमचाही त्रास होऊ शकतो. घड्याळाच्या पट्ट्याखाली ओलावा, शॅम्पू आणि डायचा थेंब तासन्तास दाबून राहिला तर खुल्या हातापेक्षा तिथे आधी लाल होतं. स्वस्त बक्कलमध्ये निकेल असतं, त्याचीही ॲलर्जी असते. म्हणून दर दोन-तीन तासांनी घड्याळ काढा, मनगट आणि घड्याळाची पाठ कोरडी पुसा, दहा मिनिटं हात मोकळा ठेवा. रात्री घरी काढून ठेवा; झोप मोजण्यापेक्षा मनगटाला हवा मिळणं जास्त गरजेचं आहे. पट्टा रोज सौम्य साबणानं धुवा, डायल ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपनं पुसा. चौकोनी लाल चट्टा, खाज, पाणी सुटणं दिसलं की घड्याळ बंद. आठवड्यात बरं झालं नाही तर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टिरॉइडची ट्यूब आणू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तुम्ही काय-काय हाताळता ते सांगा. ॲलर्जी घड्याळाची की डायची, हे ते पॅच टेस्ट करून सांगू शकतात. हात गेले तर आपलं काम जातं, म्हणून एवढं लांबवलं.

बीपी-शुगरचं थोडक्यात. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दोन-तीन हजारांच्या घड्याळात शुगर दाखवत असतील तर त्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करणं धोक्याचं आहे. बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या. नाडीचे ठोके मोजायला घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेवर टाकतं आणि रक्ताच्या लाटेनं तो किती बदलतो ते बघतं. कात्री-कंगव्यानं मनगट सतत हलत असलं की त्यात गडबड होते, तेव्हा कामातला आकडा सोडून द्या. शांत बसल्यावरचा आकडा आठवडाभर बघितला तर काही अर्थ लागतो. पावलांचंही तेच: हात हलला की पाऊल मोजलं जातं, आणि तासभर एका जागी उभं राहण्याचा शीण कुठेच दिसत नाही.

घड्याळ ‘आता उभे राहा’ म्हणून आठवण करतं, ती बंद करा. त्याऐवजी दर तासाला एक अलार्म लावा: पाणी प्यायचं, दोन मिनिटं टेकायचं, पावलं वर-खाली करायची. पायांच्या शिरा फुगण्याचा त्रास आपल्याकडे किती बायकांना आहे ते तुम्हालाही माहीत असेल.

आपल्या भागात एक जास्तीची गोष्ट बघावी लागते: भाषा. गिऱ्हाइकं मराठीत लिहितात, कन्नडात लिहितात, कोणी हिंदीत. काही घड्याळांवर मराठी जोडाक्षरं फुटतात, कन्नड मेसेजच्या जागी नुसते चौकोन येतात. दुकानातच घड्याळ फोनला जोडून घ्या आणि कोणाला तरी दोन्ही भाषांत मेसेज पाठवायला सांगा. ‘उद्या पाचला येऊ का’ आणि कन्नडमधलं ‘नाळे बर्तीनी’ (उद्या येते) दोन्ही वाचता आले पाहिजेत.

बॅटरी कमीत कमी चार-पाच दिवसांची हवी. खोक्यावरच्या दिवसांवर जाऊ नका. ब्लूटूथ कॉलिंग चालू ठेवलं की ते निम्म्याहूनही कमी होतात. पावसाळ्यात खानापूरकडे किंवा तुमच्याकडे हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइट गेली आणि घड्याळ रोज चार्ज करावं लागणारं असेल, तर ऐन कलरच्या वेळी ते बंद पडतं. तुमचा फोन अँड्रॉइड, म्हणजे ॲपल वॉच चालणारच नाही, त्याला आयफोन लागतो. उलट ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांना सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यानंतरची चालत नाहीत.

पाच हजारांत तुमचं काम आरामात होतं. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, तेव्हा तिकडे घ्यायला हरकत नाही. फक्त सर्व्हिस सेंटर तिथे खरंच आहे का ते आधी विचारा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि तारीख हवी. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं, आणि ते खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. चार्जर नीट सांभाळा. बहुतेक घड्याळांचा चार्जर त्याच मॉडेलचा असतो, दुसऱ्याचा बसत नाही. मिळत असेल तर त्याच वेळी एक जास्तीचा घेऊन सलूनच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.