अतींद्रिय कोण: जाणणारा की जाणायचे ते?

प्रश्न असा आहे. एका रहस्यकथेच्या भाषांतरात भाषांतरकर्तीने ‘तिच्या अतींद्रियाने तिला सावध केले’ असे वाक्य लिहिले. संपादकांनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात ‘सहाव्या इंद्रियाने?’ असे लिहून परत पाठवले. दोघांत बरोबर कोण? आणि शब्द अतींद्रिय की अतिंद्रिय?

लेखनाचे आधी उरकतो. अति + इंद्रिय, दोन ऱ्हस्व इ एकत्र आल्या की दीर्घ ई. रवि + इंद्र = रवींद्र, अति + इव = अतीव, तसेच हे. कितीतरी रवींद्रांना लग्नपत्रिकेत ‘रविंद्र’ होऊन बोहल्यावर चढावे लागते, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. अतींद्रिय, ती दीर्घ.

तांबडी रेघ योग्यच आहे. अतींद्रिय हे विशेषण आहे आणि ते जाणणाऱ्याला लागत नाही, जाणायच्या गोष्टीला लागते. इंद्रियांना ओलांडून गेलेले, त्यांच्या हाती न लागणारे, ते अतींद्रिय. घोटाळा ‘अति’मुळे होतो. अतिरिक्त, अतिजलद वगैरे शब्दांच्या सवयीने आपण ‘अतींद्रिय म्हणजे जादा मिळालेले इंद्रिय’ असे धरून चालतो. पण अतिमानुष म्हणजे जादा माणूस नव्हे, माणसापलीकडचे. कोणी ‘आमचे काका अतींद्रिय आहेत’ असे म्हणाले, तर व्याकरणाने त्याचा अर्थ काका दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, हाताला लागत नाहीत एवढाच होतो. काका हयात असतील तर हे बरे नाही.

जुन्या वापरात या शब्दाला गूढतेचा वासही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात (६.२१) आत्यंतिक सुखाला ‘बुद्धिग्राह्यमतीन्द्रियम्’ म्हटले आहे: बुद्धीला कळते, इंद्रियांना नाही. न्याय आणि वैशेषिक या जुन्या तर्कप्रधान दर्शनांचे लोक तर फारच कोरडे. त्यांच्याकडे परमाणू अतींद्रिय आणि वस्तूचा जडपणाही अतींद्रिय. दगड पडताना दिसतो. त्याला खाली नेणारे गुरुत्व दिसत नाही, पडण्यावरून त्याचे अनुमान करायचे. इतकेच काय, खुद्द इंद्रियेही अतींद्रिय! आरशात दिसते ते बुबुळ, म्हणजे डोळ्याची जागा. पाहणारे इंद्रिय कोणी पाहिलेले नाही.

मराठीतला मला सगळ्यात आवडणारा वापर ज्ञानेश्वरीचा. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच (६.३६) ज्ञानदेव म्हणतात:

तेणें कारणें मी बोलेन । बोलीं अरूपाचें रूप दावीन ।
अतींद्रिय परि भोगवीन । इंद्रियांकरवीं ॥

हे १२९० सालचे मराठी आहे आणि शब्द अगदी चोख बसवला आहे. जे भोगायचे ते अतींद्रिय, आणि ते भोगवायचे कोणाकडून, तर साध्या इंद्रियांकडून. वेगळी शक्ती नाही, तिसरा डोळा नाही; बोलणे असे करीन की तुमचे कानच पुरतील. थोडे आधी त्यांनी याची तयारीही करून ठेवली आहे. शब्द इतके रसाळ की कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांचे एकमेकांत भांडण लागेल. नाक म्हणेल हा सुगंध माझा, जीभ म्हणेल रस माझा. ‘परि’ या दोन अक्षरांवर ती सगळी ओवी तोललेली आहे.

मग हा शब्द माणसाच्या अंगी कसा आला? माझ्या मते ‘अतींद्रिय शक्ती’ या जोडीतून. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या जे. बी. राइन यांनी १९३४ साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले आणि ‘ई.एस.पी.’ (एक्स्ट्रा-सेन्सरी परसेप्शन, म्हणजे इंद्रियांवाचून कळणे) ही आद्याक्षरे सगळीकडे गेली. पाच चिन्हांचे पंचवीस पत्ते, न पाहता ओळखायचे. नुसत्या योगायोगाने सरासरी पाच बरोबर येतात, त्याहून जास्त आले तर काहीतरी आहे, असा हिशेब. (पुढे त्या पद्धतीवर भरपूर टीका झाली आणि इतरांना तसे निकाल काही धडपणे मिळाले नाहीत.) मराठीत यासाठी अतींद्रिय संवेदन, अतींद्रिय ज्ञान असे शब्द झाले आणि तेही ठीकच होते, इंद्रियांपलीकडच्याचे ज्ञान. पण बोलता बोलता ‘संवेदन’ गळले आणि विशेषणच नाम होऊन बसले. गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा शब्द जुन्याच चालीने येतो. तिथे अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना घाबरवणे हा गुन्हा आहे. म्हणजे इंद्रियांना न कळणारे असे काहीतरी बाहेरून अंगात येते, अशी कल्पना. न दिसणारे पाहणाऱ्या माणसाला जुना शब्द हवाच असेल तर ‘अतींद्रियदर्शी’ आहे. असा कोणी असूच शकत नाही, हे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हिरिरीने मांडले, तेव्हा त्यांनाही नाकारण्यासाठी शब्द लागलाच.

आता संपादकांचे ‘सहावे इंद्रिय’. चुकीचे मुळीच नाही, पण त्याच्या पोटात दुसरीच गोष्ट आहे. इंग्रजीतला सहावा सेन्स म्हणजे पाचांपलीकडचे काहीतरी अद्भुत. आपल्याकडे सहावी जागा कधीच भरलेली आहे, तिथे मन बसले आहे. गीतेत ‘मनःषष्ठानीन्द्रियाणि’ (१५.७), मन ज्यांत सहावे अशी इंद्रिये. बौद्धांच्या सहा आयतनांतही (जाणिवेच्या दारांत) सहावे मनच. सांख्य दर्शनवाले हात-पाय वगैरे पाच कर्मेंद्रियेही जमेस धरून मनाला अकरावे करतात.

यावर ‘वेदान्तपरिभाषा’ या अद्वैत वेदान्ताच्या संस्कृत ग्रंथात एक फर्मास वाद आहे. ग्रंथकार धर्मराजाध्वरींद्र म्हणतात, मन हे इंद्रिय नाहीच. मग गीता त्याला सहावे कसे म्हणते? ते उत्तर देतात की क्रमांक पुरा करायला त्याच जातीचे असावे लागत नाही. ‘महाभारत ज्यांत पाचवे असे वेद शिकवले’ असे म्हणतात, म्हणून महाभारत काही वेद होत नाही. मराठी माणसाला हा मुद्दा पटवायला वेदांपर्यंत जायची गरज नाही. जावई दहावा ग्रह असतो, पण पंचांगात त्याचे भ्रमण छापत नाहीत. ‘सहावे इंद्रिय’ही याच चालीने वापरावे, मला काही हरकत नाही.

तरीही ते वाक्य मला मराठी वाटत नाही, आणि कारण शब्दाहून वाक्याच्या बांधणीत जास्त आहे. ‘तिच्या अमक्याने तिला सावध केले’ यात आत बसलेला कोणी पहारेकरी आहे आणि तो बातमी देतो. मराठीत अशी बातमी देणारा कोणी नसतो. मराठीत चाहूल लागते, कुणकुण लागते, सुगावा लागतो. भूक लागावी, ठेच लागावी, तसेच. माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो आणि गोष्ट येऊन त्याला लागते. मुद्दाम करायचे असेल तर एक कानोसा तेवढा घेतात.

आणि हे सगळे शब्द इंद्रियांच्या अलीकडचे आहेत. चाहूल मुळात पावलांची, कुणकुण कानाची, कानोशात तर कान उघडच दिसतो. संशय आला तर वास येतो, किंवा मनात पाल चुकचुकते. वाईट बातमीआधी काळजात धस्स होते, डोळा लवतो. पलीकडचे कळायलाही मराठी माणूस कान, नाक आणि पापणीच वापरतो.

हे शब्द एकमेकांच्या जागी मात्र चालत नाहीत. चाहूल येणाऱ्याची लागते: उन्हाळ्याची, म्हातारपणाची, मागून येणाऱ्या माणसाची. कुणकुण कोणीतरी लपवत असलेल्या गोष्टीची: बदलीची, ठरत आलेल्या लग्नाची. सुगावा लागला की हातात थोडा पुरावाही असतो, म्हणून तो पोलिसांना लागतो. चुकचुकणारी पाल नुसती शंका असते आणि ती खोटीही ठरू शकते. चाहूल सहसा खोटी ठरत नाही, ठरली तर तो भास.

तेव्हा कथेतल्या बाईच्या मागे खरोखर कोणी उभा असेल तर ‘तिला चाहूल लागली’. समोरचा गोड बोलतो आहे आणि तिला ते पटत नाही, असा प्रसंग असेल तर ‘तिच्या मनात पाल चुकचुकली’. आणि मूळ कथेत ती बाई खरोखरच भविष्य सांगणारी वगैरे असेल, तर ‘अतींद्रिय ज्ञान’ लिहा, त्यातला ‘ज्ञान’ मात्र गाळू नका.