दोन एव्ही प्रोसेसर (सिनेमाचा आवाज उलगडून ॲम्पकडे पाठवणारी यंत्रं) घरी आणून ऐकायची सोय आहे, पण कुठल्याचा आवाज सरस हे कसं ठरवायचं?

आधी माझी फजिती सांगतो. माहीमला आमचा हॉल दहा बाय बारा. मित्राने त्याचा महागडा प्रोसेसर आठवडाभर वापरायला दिला. पहिल्याच रात्री वाटलं, आपला जुना रिसिव्हर भंगारात घालावा. संवाद कसे सुटे सुटे, पावसाचा थेंबन्‌थेंब वेगळा! तिसऱ्या दिवशी मल्टीमीटर लावला, तर मित्राचं यंत्र दीड डेसिबलने मोठं वाजत होतं. एवढासा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. पातळी जुळवल्यावर दोन्हींचे प्री-आउट (ॲम्पकडे सिग्नल नेणारी जोडणी) आळीपाळीने एकाच पॉवर ॲम्पला जोडायचं काम बायकोकडे दिलं आणि कुठलं यंत्र वाजतंय ते ओळखायला मी पाठ फिरवून बसलो. ती ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत दहा फेऱ्या झाल्या. सहा बरोबर. छापाकाटा केला असता तरी एवढे आलेच असते.

म्हणून पहिल्या फेरीत रूम करेक्शन (खोलीमुळे बिघडलेला आवाज माइकने मोजून सुधारणारी सोय), नाइट मोड, ‘सिनेमा’ वगैरे सगळं बंद. मग टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही यंत्रांवर ते एक टक्क्याच्या आत आणा, म्हणजे फरक साधारण 0.1 डेसिबलवर येतो. मीटरची टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, ॲम्प जाईल.

या फेरीत फारसा फरक कळला नाही तर कानांना दोष देऊ नका. डिस्कवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाजाचे दोन्ही फॉरमॅट लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातलं काहीच न गाळणारे. नीट चालणाऱ्या कुठल्याही यंत्राने उलगडले तरी आकडे तेच निघतात. (डिस्क प्लेअर थेट प्रोसेसरला जोडा. टीव्हीमार्गे साध्या एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने परत आणणारी सोय) ट्रूएचडी येतच नाही, तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते.) ॲनलॉग भागाची परीक्षा सोपी आहे: सिनेमा पॉझ करा, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि ट्विटरला (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला) कान लावा. बसल्या जागेवरूनही खरखर ऐकू आली तर तो प्रोसेसर बाद.

खरी कुस्ती रूम करेक्शन आणि बास मॅनेजमेंटची (खालचे सूर सबवूफरकडे वळवण्याची). बारा फुटांच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. आमच्याकडे त्या सुराला कपाटावरचा चकल्यांचा डबा झणझणायचा. आधी सबवूफर कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मध्याकडे सरकवला, तेव्हाच निम्मं काम झालं. उरलेलं करेक्शनने केलं. दोन प्रोसेसरमधला फरक इथे अगदी स्वच्छ ऐकू येतो. माइकने मोजणी मात्र शेवटची लोकल गेल्यावर आणि पंखा बंद करूनच करा, मे महिना असला तरी. मोजणी झाली की करेक्शन चालू ठेवून पातळी पुन्हा जुळवा, या वेळी बसायच्या जागेवर, पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा मिळून होणारा चाचणीचा खळखळाट) आणि साउंड मीटरने.

ऐकायला स्फोटांचे सीन घेऊ नका, ते सगळीकडेच भारी वाटतात. मी तानपुरा आणि तबला लावतो. जवारीची (तानपुऱ्याच्या तारेच्या झणकाराची) झिलई कायम राहते का, आणि डग्ग्याची गमक खालून वर सरकताना मध्येच एखादा सूर फुगतो का, एवढंच ऐकायचं. करेक्शनने बास सपाट करता करता जवारीच बोथट केली, तर करेक्शनची वरची हद्द 300 हर्ट्झच्या आसपास आणता येते का बघा. ज्या प्रोसेसरमध्ये ती सोय असेल, तो मी घेईन.

तुमचा हॉल किती बाय किती आणि सबवूफर कुठे ठेवलाय, तेवढं लिहा.