आजोळचं घर पाडणार आहेत, आणि रडू मला येतंय

मी समुपदेशक आहे. एप्रिल उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, मुंबई-पुण्यात स्थिरावलेले. “गावचं आजोळचं घर पाडायला काढलंय. रात्र-रात्र झोप लागत नाही. पण घर मामांचं, निर्णय त्यांचा. आजी-आजोबांना जाऊनही वर्षं झाली. मग मला एवढं का व्हावं?” कोकणात बांधकामाची कामं पावसाच्या आत उरकायची असतात, म्हणून हा प्रश्नही उन्हाळ्यातच येतो.

गेल्या वर्षी आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या संमतीनेच, पण ओळखीच्या खुणा बदलून. वय ४४, बँकेत अधिकारी. आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, ओटी, माजघर, मागे पडवी. मामेभाऊ तिथे होमस्टे बांधणार होता. पहिल्या भेटीत त्या रडल्या कमी, माफी जास्त वेळा मागितली. “आईने केव्हाच हक्कसोडपत्रावर सही केली आहे. आम्हाला बोलायचा अधिकारच नाही, मॅडम.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा कायद्याने २००५ मध्ये दिला, तरी भावाशी वाकडं नको म्हणून बायका सही करून मोकळ्या होतात. आणि मग त्यांच्या लेकींना वाटतं की सात-बारावर नाव नाही, तर दुःखावरही नाही. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही त्याबद्दल शोकाचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलं होतं. असं दुःख आत दबून राहतं, कारण त्यासाठी कुणी भेटायला येत नाही. माणूस गेलं तर आपल्याकडे दहावा आहे, तेरावा आहे. घरात शिरताना वास्तुशांत असते. घर जाताना मात्र कुणी बसून दोन शब्दही बोलत नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मोबाइल पुढे केला. “सगळं टिपून आणलंय. ६४० फोटो आहेत. पण उघडून बघवत नाहीत.”

फोटो सुरेख होते. कौलांतून झिरपणारं ऊन, तुळया, कोनाड्यातली काजळी, विहिरीचा रहाट. मी एकेक बघत गेले आणि काहीतरी खटकत राहिलं. शेवटी लक्षात आलं. सगळं घर उभ्या, मोठ्या माणसाच्या नजरेने टिपलेलं होतं.

“तिथे राहायचात तेव्हा केवढ्या होतात?”

“पाच-सहा वर्षांची असेन.”

“मग पुन्हा जा. तेवढ्या उंचीवर बसा. फोटो काढायच्या आधी त्या जागी नुसतं बसून राहा. आणि दिवसभरात बाराच फोटो.”

बाराच का, याला कारण आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ सालचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. संग्रहालयात ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. जणू आठवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवून मन मोकळं झालं. पण वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपला तेव्हा असं झालं नाही. भराभर टिपत सुटलो की घर मोबाइलमध्ये जातं आणि आपण कोरडे राहतो.

तिसऱ्या भेटीला त्या नऊच फोटो घेऊन आल्या. त्यातला एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ओटीच्या उंबऱ्यावर बसून काढलेला. अगदी पुढ्यात उंबऱ्याचं लाकूड, मधोमध झिजून खोलगट झालेलं. त्यापलीकडे खळ्याचा तुकडा, त्यापलीकडे काळ्या दगडांचा गडगा. संपलं.

“उभं राहिलं की गडग्यावरून रस्ता दिसतो. बसलं की दिसत नाही. मला नुसता आवाज यायचा, दुपारच्या एसटीचा. चढावर गिअर बदलताना घरघरायची.”

“कुणाची वाट बघत होतात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडून शब्द निघायला वेळ लागला. “आईची.”

तोवर आजोळ म्हणजे आंबे, फणस, मामेभावंडं, धमाल, एवढंच मी ऐकलं होतं. आता दुसरी गोष्ट बाहेर आली. त्या पाच वर्षांच्या असताना आई फार आजारी पडली आणि एका जूनपासून पुढच्या मेपर्यंत त्यांना आजोळी ठेवलं होतं. घरात पुढे सगळे एवढंच म्हणत, “हिला वर्षभर मामाकडे शाळेत घातलं होतं.”

इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बालपण आपण आंबे-फणसांपुरतं घासूनपुसून ठेवतो. घर मात्र काहीच गाळत नाही. त्या उंबऱ्यावर धमालही होती आणि वाट बघणंही. ४४ वर्षांच्या बाईला जे रडू येत होतं ते पाच वर्षांच्या मुलीचं होतं, आणि तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून ‘सोडून द्या, पुढे चला’ हा सल्ला मी देत नाही. गेलेल्याशी नातं तोडून माणूस बरं होत नाही. त्या नात्याला नवी जागा मिळाली की बरं होतं.

“हा फोटो आईला दाखवाल?” मी विचारलं.

दाखवला. आई आता ७३ वर्षांच्या. त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मी तुला न्यायला आले तेव्हा तू मामीच्या पदराआड लपलीस. मला ओळखलंच नाहीस.” ३८ वर्षं मायलेकींपैकी एकीनेही हे उच्चारलं नव्हतं. त्या रात्री दोघी स्वयंपाकघरात दोन वाजेपर्यंत बोलत बसल्या होत्या. माझ्या खोलीत झालेल्या कुठल्याही बोलण्यापेक्षा ते बोलणं मला मोठं वाटतं. तरी वाट इथूनच फुटली, याचं समाधान मला आहे.

तुमच्याही घरावर अशी वेळ आली असेल तर जमल्यास एकटे जा, निदान एक दुपार तरी. जिथे खेळलात, लपलात, रुसून बसलात तिथे खाली बसा. घराच्या दर्शनी बाजूचा फोटो कुणीही काढेल. तुम्ही कडी-कोयंड्याचा काढा, न्हाणीघराच्या दगडाचा काढा. एखाद्या जागी जावंसंच वाटत नसेल तर जबरदस्ती करू नका. ‘इथे गेले नाही’ एवढं लिहून ठेवा, पुढे कधीतरी ते उपयोगी पडतं. फोटो घरच्या वडीलधाऱ्यांसमोर धरा आणि तुम्ही गप्प राहा. पाडापाडीवरून मामाशी किंवा मामेभावाशी भांडून काही हाती लागत नाही. गळक्या कौलांखाली पावसाळे त्यांनी काढलेत. घर आधीच पाडलं असेल तर डोळे मिटून पायांनी चालावं तसं त्याचा नकाशा कागदावर काढा. हात जिथे अडखळेल तिथे थांबा. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष कित्येक आठवडे जागेवर येत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटा.

शेवटच्या भेटीत मी त्या बाईंना विचारलं, “आणि ते ६४० फोटो?”

“मामेभावाला पाठवले. जुन्या ओटीसारखीच नवी ओटी करायची म्हणतोय, त्याला बघायला हवे होते.” उंबऱ्याचा एकच फोटो त्यांनी ठेवून घेतला होता. तो आईच्या पलंगाशेजारी आहे.