खतासाठी संत्र्याच्या चोथ्याचा ढीग लावतोयस, तर आधी हे ऐक

भाऊ, नागपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं म्हणून ढीग आपोआप तापेल, असं समजू नकोस. उन्हानं फक्त वरचा थर वाळतो. आतली ५५ ते ६५ अंशांची धग जिवाणूंची असते, आणि त्यांना हवा लागते.

संत्र्याचा चोथा तसा हट्टी माल. ओला, आंबट, वर सालीतल्या तेलात लिमोनीन नावाचं रसायन. ते जिवाणूंना मारक. पहिल्या वर्षी मी नुसताच चोथा रचला. आठ दिवसांत तळाशी चिखल अन् असा वास की शेजारी भांडायला आले! आता साल दोन दिवस पसरून ठेवतो, थोडा चुना मारतो, कुटी केलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मिसळतो. पऱ्हाटीनं पोकळी राहते, कार्बनही मिळतो.

कल्चरची, म्हणजे तयार जिवाणूंची, महाग पाकिटं घेऊ नकोस बाप्पा. जुन्या, तापलेल्या ढिगातलं चार घमेली खत टाक. उष्णता सोसणारे बॅसिलस जिवाणू त्यात असतातच. त्यांची पेक्टिनेज, सेल्युलेज ही विकरं साल विरघळवतात.

लांब दांड्याचा थर्मामीटर मात्र घेच. पारा ७० अंशांकडे सरकला की लगेच ढीग पालट, नाहीतर कामाचे जिवाणूच भाजतात.