पोच कुठंय?

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. त्यातली दोन एकाच दुखण्याची, फक्त उलट्या बाजूंनी: एकीला हवा तो कागद मिळत नाही आणि दुसऱ्याने नको त्या कागदावर सही केली आहे.

प्रश्न : होळी झाली की आमचं अर्धं गाव वीटभट्टीवर जातं. रोजगार सेवकाला तीनदा विचारलं. "वरून काम आलं नाही" एवढंच म्हणतो. जॉबकार्ड कोरं आहे. (चिखलदरा तालुका)

ताई, रोजगार हमीचं काम वरून येत नसतं, खालून मागायचं असतं. तुम्ही तीनदा तोंडी विचारलंत, म्हणजे सरकारदरबारी एकदाही मागितलं नाहीत. ग्रामपंचायतीत काम मागणीचा लेखी अर्ज (नमुना 4) भरा. एकटीने जाऊ नका, दहा-पंधरा जणी मिळून जा. कार्डाचा नंबर, कधीपासून आणि किती दिवस काम पाहिजे हे लिहा, आणि तारीख घातलेली पोच हातात पडल्याशिवाय जागचं हलू नका. नुसता शिक्का चालणार नाही, तारीख हवी. तिथूनच 15 दिवस मोजतात. तेवढ्यात काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान पाव, पुढे निम्मा. पोच द्यायला हात का आखडतात ते आता कळलं असेल. ग्रामपंचायत अर्ज घेतच नसेल तर तोच अर्ज तहसीलच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.

ही योजना मुळात आपल्याच मातीतली. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये राज्याचा कायदा झाला. केंद्राचा कायदा आला 2005 मध्ये. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि वर्षाला हमीच्या 100 दिवसांचे 125 केले. दिवस कागदावर वाढले. कार्ड भरतं ते मागणीनेच.

प्रश्न : एजंट म्हणतो 30 हजार द्या, पुण्याच्या कंपनीत मुलाला कायम करतो. द्यावेत का? (धडगाव)

नाही. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. मुलाला आयटीआय करू द्या, नंतर अ‍ॅप्रेंटिसशिपला लावा. तिथे थोडं का होईना, विद्यावेतन मिळतं.

प्रश्न : ऊसतोडीला कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, आगाऊ उचल घेतली होती. आई आजारी पडली म्हणून दोघं फडातून मधेच परत आलो. आता मुकादम खाडे धरून घेतल्यापेक्षा जास्त मागतो. कोऱ्या बाँडवर माझी सही आहे. (शिरूर कासार, जि. बीड)

दादा, आधी हिशोब मांडा. उचल किती, कुठल्या तारखेला, रोख की खात्यावर, दिवसाला किती टन तुटलं, खाडे किती. खाड्याला त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही लावतात, आणि तो कोण ठरवतं? मुकादमच. आठवेल तेवढं आजच वहीत लिहा, सोबतच्या जोड्यांकडून ताडून घ्या. पैसे घेतले ते घेतले, ते मी नाकारायला सांगत नाही. पण उचलीच्या नावाखाली काम सोडून जायची मोकळीकच काढून घेतली असेल, माणसं अडवून ठेवली असतील, तर 1976 च्या कायद्याने ती वेठबिगारी ठरते आणि तसलं कर्ज कायद्याने संपतं. उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. धमकी आली तर पोलिसांत जा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. "जुना मिटवू" म्हणत नवा बाँड पुढे केला तर सही करू नका.

पुढच्या हंगामाला गेलातच तर गाडीच्या प्रत्येक वजनपावतीचा फोटो काढा. मोबाइल सगळ्यांकडे असतो, पण हा फोटो कुणी काढत नाही.

प्रश्न : आयटीआय वायरमन, चाकणला कंत्राटी होतो, ब्रेक दिला. गावी पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान टाकू का? कर्ज मिळेल? (जव्हार)

मिळू शकतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात अनुदान 25 टक्के, अनुसूचित जाती-जमाती, महिला वगैरेंना 35. स्वतःचे घालायचे 10 किंवा 5 टक्के. बाकी बँकेचं, आणि ते फेडायचं असतं, हे फाइल करून देणारा दलाल सांगत नाही. अर्ज ऑनलाइन स्वतः भरा, अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

पण त्याआधी महिनाभर एक काम करा. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत किती मोटारी आहेत, किती जळतात, लोक त्या कुठे टाकतात, ते फिरून लिहून काढा. रात्री व्होल्टेज पडलं की मोटार घुमते, फिरत नाही, आणि सकाळी वाइंडिंगचा करपट वास येतो. असे किती वास महिन्याला येतात त्यावर तुमचा हप्ता ठरणार. पावसाळ्यात धंदा बसतो, तेव्हा घरगुती वायरिंग, पंखे, मिक्सर हाताशी ठेवा. महिन्याने आकडे पाठवा, मग कर्ज किती घ्यायचं ते बोलू.